एक हात पाठीमागे

माझा नातू बेळ्ळंदूरला एका कंपनीत कामाला आहे, आणि शनिवारी संध्याकाळी दोस्तांबरोबर छोट्या छोट्या हॉटेलांत बेस गिटार वाजवतो. परवा त्यानं फोनवर गिटारीचा आवाज मोठा करणाऱ्या पेट्यांची पंचवीस चित्रं दाखवली आणि विचारलं, "अज्जी, लहान जागेसाठी ॲम्प कुठला घेऊ?" त्याला वाटलं असणार, म्हातारीला जरा रमवावं. मी चष्मा लावून सगळी चित्रं पाहिली आणि विचारलं, "यातला कुठला तुला एकट्याला उचलून रिक्षात ठेवता येईल?"

"अज्जी, आधी वॉट्स बघतात."

"वॉट्स मागनं. आधी रिक्षा."

तो हसला. मीही हसले, कारण ते वाक्य माझं नव्हतंच. एकोणीसशे साठ-पासष्टच्या सुमाराला ते मला जिनं ऐकवलं होतं, तिच्यापुढे मी याच्याहून जास्त शहाणपणा केला होता. रिक्षाच्या जागी तेव्हा घोड्याचा जटका होता, एवढाच फरक.

यमुनाक्का चिकपेटेत आमच्या समोरच्या माडीवर राहायची. गल्लीतली घरं सगळी आमच्यासारखी. तीन-चार पिढ्यांमागे बेंगळूरला आलेली, घरात मराठी बोलणारी आणि भांडण रंगलं की कन्नडात उतरणारी. माझ्या वडिलांचं, अण्णांचं, शिवणकामाचं दुकान होतं. यमुनाक्का रेडिओच्या कारखान्यात कामाला होती. सकाळी कोपऱ्यावर कारखान्याची बस यायची आणि डोक्याला रुमाल बांधलेली, काटक, उंच यमुनाक्का तीन पुडांचा डबा घेऊन तीत चढायची. डब्याच्या वरच्या पुडात चित्रान्न, मधल्यात दही, आणि खालच्यात राळ, सोल्डरची तार आणि एक बारका पक्कड. हा क्रम कधी चुकला नाही. तिच्या चित्रान्नाला मात्र राळेचा वास यायचा, आणि तो तिला येत नसे.

तिचं लग्न का झालं नव्हतं ते मला माहीत नाही. माहीत असतं तरी सांगितलं नसतं.

तिची एक लकब सगळ्या गल्लीला ठाऊक होती. काही करताना तिचा डावा हात पाठीमागे असायचा, कमरेशी, पदराच्या खोचेत अडकवलेला. भाजी घेताना, रांगोळी घालताना, देवळात घंटा वाजवतानासुद्धा. आमची आई म्हणायची, "यमुनेला गर्व फार. वाढायला आली तरी सुभेदारासारखी उभी राहते." मलाही तसंच वाटायचं. खरं कारण मला कळलं ते आमचा रेडिओ मी फोडला तेव्हा.

फोडला म्हणजे आपटला नाही. मी तेव्हा कँटोन्मेंटमधल्या कॉलेजात बी.एस्सी.ला होते, विषय फिजिक्स, आणि स्वतःला शास्त्रज्ञ समजत असे. माझी वर्गमैत्रीण फिलोमिना गिटार वाजवायची, तिची मावसबहीण ग्रेटा ड्रम. फिलोमिनाचे मामा ऑस्ट्रेलियाला कायमचे निघून गेले आणि जाताना एक बेस गिटार मागे ठेवून गेले. ती कोणी वाजवायची, असा प्रश्न आला. मी हात वर केला. कारण विचाराल तर, फिलोमिनाच्या गिटारीला सहा तारा होत्या आणि हिला चारच. म्हणजे दोन तृतीयांश कष्ट. फिजिक्सच्या विद्यार्थिनीचं गणित हे असं.

बेस गिटार नुसती वाजवली तर मांजर चालल्याइतका आवाज येतो. मी ती घरी आणली, अण्णांच्या रेडिओच्या मागे ग्रामोफोन जोडायची भोकं होती त्यांत तारा खुपसल्या, आवाज पूर्ण वर केला आणि सगळ्यांत जाड तार छेडली. रेडिओनं एकदा हुंदका दिला. नंतर आतून कागद फाटल्याचा आवाज आला, आणि त्या दिवसापासून बातम्या देणारा माणूस सर्दी झाल्यासारखा बोलू लागला. अण्णांना कळायच्या आत मी रेडिओ कांबळ्यात गुंडाळून समोरच्या माडीवर नेला.

यमुनाक्कानं मागची पाठ उघडली, वाकून पाहिलं आणि अंबाड्यातली पिन काढली. डावा हात पाठीमागे गेला.

"अक्का, दोन्ही हातांनी करा ना. लवकर होईल."

"दोन्ही हातांनी केलं तर तू मला खांद्यावरनं न्यायला लवकर येशील," ती म्हणाली. "आत वीज साठून असते, बटण बंद केलं तरी. एका हातानं शिवलं तर चटका. दोन हातांनी शिवलं तर ती या हातातून त्या हातात जाते, आणि वाटेत छाती असते. कॉलेजात हे शिकवत नाहीत होय?"

शिकवत असतील. मी त्या तासाला फिलोमिनाबरोबर खिडकीत होते.

रेडिओत नवा कर्णा, म्हणजे आतला कागदी स्पीकर, बसला. मग तिनं विचारलं, "काय वाजवलंस यात?" मी गिटार आणून दाखवली. तिनं जाड तार एकदा छेडली आणि हाताचा तळवा गिटारीच्या लाकडावर ठेवला. बराच वेळ ठेवला.

"हे बोलायला मोठं यंत्र लागतं," ती म्हणाली. "वेगळं. मी करून देते."

मी खूश झाले, आणि तिला ते का करायचं आहे हे विचारायचं सुचलंच नाही. ते तिनं आपणहून सांगितलं, पुढे एका रविवारी, सोल्डर वितळवता वितळवता. कारखान्यात तिच्यापुढून रेडिओचा सांगाडा सरकत यायचा. ती चौदा जोड द्यायची. सांगाडा पुढच्या बाईकडे जायचा. आठ वर्षं तेच चौदा जोड.

"माझा रेडिओ बोलतो का, मला ठाऊक नाही, सुमे. माझ्यापुढे अजून नऊ बायका बसतात. शेवटची ऐकते."

हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पण तेव्हापासून मला कळलं, की हे यंत्र माझ्यासाठी नाही. पहिल्या जोडापासून शेवटच्या जोडापर्यंत सगळं एकटीनं केलेलं, आणि लोकांच्या समोर बोलणारं, असं एक काहीतरी तिला ऐकायचं होतं. मी आणि माझ्या चार तारा निमित्त.

तेवढ्यात आम्हाला कार्यक्रम मिळाला. रिचमंड टाऊनमधल्या एका चर्चच्या लहान हॉलमध्ये, संध्याकाळी पाच वाजता, नाचाची एक बैठक. शंभर माणसं, आमच्या तिघींना एक तास. मी तडक यमुनाक्काला सांगायला गेले आणि वर सल्लाही दिला: "आपण भोंगे लावू या, अक्का. लग्नात लावतात ते. चार. मैलभर ऐकू जातात."

"मैलभर कोण नाचणार आहे?"

मी चारसाठी वर केलेली बोटं खाली घेतली.

"भोंगा भाषणाला," ती म्हणाली. "तो गळ्यातनं बोलतो. तुझी गिटार पोटातनं बोलते. भोंग्यातनं काढलीस तर माशी घोंगावल्यासारखी ऐकू येईल, तीही मैलभर."

मग रविवारच्या जुन्या बाजारात आम्ही दोघी गेलो. तिथं तिनं ज्या रीतीनं सामान निवडलं ते मी आजवर विसरले नाही. ट्रान्सफॉर्मर ती नाकाशी धरायची. आई कलिंगड निवडताना जशी टिचकी मारून ऐकते, तशी ही वास घेऊन बाजूला ठेवायची. "हा एकदा जळलाय. वार्निशचा वास येतो बघ." मला गंजाचाच वास यायचा, पण मी जाणकारासारखी मान हलवायची. कर्णा घेतला की चार बोटं कागदावर गोल ठेवून अगदी हळू आत दाबायची, कान जवळ नेऊन. खर्र झालं की परत. मी एक पंधरा इंची कर्णा पाहून हरखले. परातीएवढा, मागं लोहचुंबक खलबत्त्यासारखं. "अक्का, हाच."

"उचल."

उचलला. चार पावलं चालले आणि एका चपलांच्या ढिगावर बसले.

"आता याला लागेल तेवढी पेटी मनात धर, आणि जटक्याच्या मागच्या फळीवर चढव," ती म्हणाली. "आपण दोघी. तिसरं कोणी येणार नाही. जे दोन बायकांना चढवता येत नाही ते आपलं नव्हे, कितीही गोड बोलत असो."

शेवटी तिनं बारा इंची दोन घेतले, एका मोडीत निघालेल्या सिनेमा टॉकीजचे. दोन मिळून परातीएवढंच वारं हलवतात, आणि एक रुसला तर दुसऱ्यावर कार्यक्रम तरी निभावतो, असं तिचं म्हणणं. व्हॉल्व्हचं, म्हणजे तापून उजळणाऱ्या काचेच्या नळ्यांचं, यंत्र तिनं एका पत्र्याच्या ट्रंकेत बसवलं, झाकणाला भोकं पाडून, आणि कर्ण्यांची पेटी वेगळी केली, म्हणजे वजन दोन वेळा उचलता येतं. पेटी चारी बाजूंनी बंद. मागची फळी हातानं फिरवायच्या नटांवर. आणि आत, तिन्ही भिंतींना, गोधडी.

गोधडी आमच्या घरची. तिनं आईकडे मागितली आणि आईनं अण्णांच्या दुकानातल्या चिंध्यांची नवी शिवून दिली. यमुनेनं कधी काही मागितलं नव्हतं, थंडी वाजत असेल बिचारीला, असं म्हणून तिनं दुहेरी टाके घातले. "गोधडी कशाला?" मी विचारलं होतं. यमुनाक्कानं गोधडीशिवाय एकदा पेटी लावली आणि मला वाजवायला सांगितलं. आवाज रिकाम्या पिंपात ओरडल्यासारखा आला, सगळे सूर एकसारखे घूं, घूं. मग गोधडी लावून पुन्हा. आता प्रत्येक सूर आपापल्या पायावर उभा होता.  मला भीती वाटली, पण चांगल्या जातीची.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी ती मला घेऊन हॉल बघायला गेली. मधोमध उभी राहून टाळी वाजवली. खिडक्या मोजल्या. मग चपला काढून मागच्या भिंतीपर्यंत चालत गेली आणि उजवा तळवा भिंतीला लावून उभी राहिली. डावा अर्थातच पाठीमागे.

"काय ऐकताय?"

"काही नाही. जागा कळते. हा हॉल आत्ता घुमतोय म्हणून घाबरू नको. रिकाम्या हॉलचं खरं धरायचं नसतं. माणसं आली की शंभर गोधड्या आल्या."

नंतर तिनं मागच्या बागेत एक तांब्याची सळई ठोकली, तिथून तार आत आणली, आणि गुलाबाच्या वाफ्यात दोन बादल्या पाणी ओतलं. यंत्र गुणगुणू नये म्हणून वीज जमिनीत जायला वाट. चर्चचे पाद्री खिडकीतून पाहत होते. ते बाहेर आले आणि म्हणाले, असा भक्तिभाव हल्ली दिसत नाही. यमुनाक्का म्हणाली, "सरी, फादर," म्हणजे 'बरं', आणि तिसरी बादली ओतली.

आता माझी करणी.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पेटी आमच्या घरी होती, कारण जटका आमच्या दारात उभा राहू शकत असे. गल्लीतल्या चार मुली बघायला आल्या. मला राहवेना. मागचे नट फिरवून मी फळी काढली आणि त्यांना आतले कर्णे दाखवत फिजिक्सवर व्याख्यान दिलं. अर्ध्याहून अधिक खोटं होतं. मग कुणीतरी माझ्या केसांचा विषय काढला आणि आम्ही सगळ्या आरशाकडे गेलो. फळी तशीच भिंतीला टेकलेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ती जागेवर लावली, नट फिरवले. आत पाहिलं नाही. केस डोक्यावर वीतभर उंच रचले होते. वाकले असते तर कोसळले असते.

जटक्यात गल्लीतल्या दोन मुलींनी चढवलेली पेटी, दोन ट्रंका, गिटार आणि मी. एका ट्रंकेत व्हॉल्व्ह, दुसरीत माझी नवी कांजीवरम. मोरपंखी, बोटभर जरीची. आईनं ती मला बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी घेतली होती आणि बजावलं होतं, की त्या दिवसाआधी घडी मोडायची नाही. मी ती चोरून आणली होती. मंचावर तीच नेसायचं ठरलं होतं, म्हणजे मी ठरवलं होतं. यमुनाक्का कारखान्यातून सरळ हॉलवर आली, अंगावर कामाचा निळा कोट तसाच.

साडेचार वाजता यंत्र लावलं. व्हॉल्व्ह तांबूस झाले. मी जाड तार छेडली.

घूं.

दुसरी तार. घूं. तिसरी. तेच. फिलोमिनानं कानांवर हात ठेवले. पाद्री आत डोकावून गेले.

यमुनाक्का पुढे आली. यंत्र बंद केलं, नट काढले, फळी बाजूला केली. आत दोन कर्णे आणि उघडं लाकूड.

"गोधडी कुठंय?"

मला खरंच ठाऊक नव्हतं. मग एकदम आठवलं. सकाळी गच्चीवर आई काहीतरी मोठं वाळत घालत होती आणि स्वतःशी पुटपुटत होती. ते पुटपुटणं मला आता शब्द न् शब्द आठवलं: एवढी जीव लावून शिवून दिली, आणि यमुनेनं भुशात लोळवून खोक्यात कोंबलीय, निदान धुऊन तरी देते.

मी रडत रडत सांगितलं. केस कोसळले. ग्रेटा म्हणाली, "बेस नको. आपण दोघीच वाजवू." बाहेर माणसं जमायला लागली होती, आणि मी मनातल्या मनात होकार दिलासुद्धा, लाज वाचत होती ना. मग मी यमुनाक्काकडे पाहिलं. ती पेटीपुढे उकिडवी बसली होती, एका हातानं आतलं लाकूड चाचपत. तो चेहरा मी आधी पाहिला नव्हता. आठ वर्षं नऊ बायकांच्या मागे बसलेल्या बाईचा तो चेहरा होता, आणि दहाव्या जागेवर मी उभी होते.

"दुसऱ्या ट्रंकेत काय आहे?" तिनं विचारलं.

"माझी साडी."

"कसली?"

"रेशमी. नवी. घडीसुद्धा..."

"आण."

मी आणली. तिनं मोरपंखी कांजीवरमची घडी एका झटक्यात मोडली, जरीतनं वीज जाऊ नये म्हणून पदर तारांपासून लांब खाली ठेवला, आणि उरलेलं सगळं सैल चुण्या करून पेटीच्या पाठीला लावायला लागली. एकीकडून लहान खिळे मारत होती. रेशमात. 

"पुरत नाही," ती म्हणाली, आणि अंगावरचा निळा कोट काढून एका बाजूला लावला. मग फिलोमिनाकडे वर पाहिलं. फिलोमिनाच्या फ्रॉकखाली तेव्हाच्या फॅशनप्रमाणे तीन पदरी फुगीर पेटीकोट होता. तिला मराठी येत नव्हतं, पण ती पडद्यामागे गेली आणि पेटीकोट हातात घेऊन परत आली. फ्रॉक ओल्या छत्रीसारखा लोंबत होता.

"मी घरी कसं जाऊ?" ती इंग्रजीत म्हणाली.

"जटक्यातनं," यमुनाक्का कन्नडात म्हणाली, आणि फळी बसवली.

पाच वाजून गेले होते. माणसं आत आली. मी चुरगळलेल्या सुती साडीत, केस वेणीत कसेबसे कोंबून, मंचावर. यमुनाक्का सगळ्यांच्या मधून चालत मागच्या भिंतीशी गेली, चपला काढल्या, उजवा तळवा भिंतीला लावला आणि माझ्याकडे पाहून मान हलवली.

मी जाड तार छेडली.

सूर पेटीतून निघाला आणि जमिनीवरून चालत गेला. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी छातीवर हात ठेवला आणि बायकोकडे आश्चर्यानं पाहिलं. दुसरा सूर, तिसरा. प्रत्येक वेगळा, प्रत्येक आपल्या पायावर. फिलोमिना आली, ग्रेटा आली, खुर्च्या बाजूला सरकल्या, लोक नाचायला लागले. मी चुका केल्या, भरपूर. पण बेसच्या चुका पोटात जातात, कानाला पत्ता लागत नाही.

त्या सगळ्या गर्दीपलीकडे मला यमुनाक्का दिसत होती. तिचे डोळे मिटलेले होते. आणि मग तिचा डावा हात, जो नाइलाज झाल्याशिवाय कधी पुढे येत नसे, पदराच्या खोचेतून निघाला आणि हळूच भिंतीला लागला. दोन्ही तळवे भिंतीवर ठेवून ती उभी होती. छातीतून जायचं ते जाऊ दे, असं म्हणत असल्यासारखी.

पूर्ण तासभर ती तशीच होती.

ते यंत्र पुढे तीन वर्षं आम्ही लहान लहान हॉलांत नेलं, दर वेळी दोन बायकांनी उचलून. गोधडी परत आत गेली; आईनं ती रागानं दिली, आणि पुढच्या एका कार्यक्रमाला येऊन गेल्यावर दुसरी, जाड, प्रेमानं दिली. साडी मात्र आईपासून लपली नाही. रेशमाला सतरा बारीक भोकं होती, आणि कितीही हवेशीर ठेवली तरी राळेचा वास. पाहुणे मला बघायला आले तेव्हा मी तीच नेसून पोहे दिले. मुलाची आई इकडे तिकडे नाक वळवत होती. मुलगा म्हणाला, "छान वास आहे. कसला?" त्याच्याशीच मी लग्न केलं.

माझं लग्न झालं आणि मी हुबळीला गेले. यमुनाक्का मला शेवटची दिसली ती त्याच दिवशी. कार्यालयात अण्णांनी हौसेनं चार भोंगे लावले होते. मंगलाष्टकं सुरू झाली आणि भटजींचा आवाज पत्र्यावर खडी ओतल्यासारखा येऊ लागला. नवऱ्यामुलीनं मान वर करायची नसते. मी केली. अंतरपाटाच्या कडेवरून मला हॉलचं मागचं टोक दिसत होतं. तिथं भोंगेवाल्याच्या यंत्राशी यमुनाक्का वाकली होती, डावा हात कमरेशी खोचलेला. भोंगेवाला काहीतरी सांगत होता आणि ती ऐकत नव्हती. तिनं एक बटण जरासं फिरवलं, मग आणखी जरासं. आवाज खाली आला, मऊ झाला, आणि भटजी एकदम माणसासारखे बोलू लागले.

तिनं भिंतीवर तळवा ठेवून पाहिला. मग अक्षता उडवणाऱ्या दोनशे माणसांच्या डोक्यांवरून थेट माझ्याकडे बघत भुवया वर केल्या. सरी?

मी मुंडावळ्या हलतील एवढ्या जोरानं मान हलवली. अंतरपाट अजून मध्ये होता, आणि पलीकडच्या माणसाला वाटलं, मी त्यालाच होकार दिला.